वाजवून घे

"वाजवून घे," एउफेमिया म्हणाली, दोनदा,
माझ्याकडे तोंड करून, ओठ मोठे करून,
"मागच्या वर्षीसारखं बद्द बोलणारं नको."
तिचा गुडघा सुजलेला. म्हणून मी एकटाच
झावळ्यांच्या रविवारी उरुआपानच्या जत्रेत,
हातात तिची पिशवी,
खिशात मोजून चारशे पेसो.

चव्वेचाळीस वर्षं तांबं ठोकलं सांता क्लाराला.
पत्रा लाल असतो तोवर ऐकतो,
गार झाला की हट्टाला पेटतो.
कान आधी जातात, खांदा मागून.
डाव्यात आता काहीच नाही. उजव्यात
कुणीतरी लांब कुठे गोणी ओढतंय,
इतकंच.

जाकारांदाची जांभळी फुलं गळत होती
रांगेनं मांडलेल्या मडक्यांत. कुणी वेचत नव्हतं.
ओकुमिचोचे मातीचे सैतान बसमध्ये बसून निघाले होते,
एकजण दुसऱ्याचा दात उपटत होता,
तिसऱ्यानं पाय धरले होते.
एका पोरानं त्यासाठी जमिनीवर लोळण घेतली,
बाप आधी नाही म्हणाला, मग पैसे मोजले,
मग तोच त्या सैतानाकडे बघून
एकटा हसत राहिला.

भाच्याच्या पालाशी उभा राहिलो थोडा.
एक बाई तांब्याची सुरई हातात तोलत होती.
तिनं काय विचारलं ते ओठांवरून कळलं,
न बघताही कळलं असतं:
किती दिवस लागतात हो करायला?
भाचा म्हणतो, आठ.
मी म्हणायचो, चव्वेचाळीस वर्षं,
आणि गिऱ्हाईक पुढे जायचं.

पातांबानच्या बाया जिन्याजवळ बसल्या होत्या,
घेवडा शिजवायची मडकी, आतून झिलई,
बाहेरून मातीच.
ओब्दुलिया म्हणून एक. वेणीत निळी लोकर.
मी मडकं उचललं. टिचकी मारली.
बोटाला कळलं, मला नाही.
मग इकडेतिकडे बघून घेतलं
आणि काठ जबड्याच्या हाडाला लावून
पुन्हा मारली.

हाडातून आला तो.
बारीक. शेवटपर्यंत सरळ.
असा शेवटचा कधी ऐकला होता,
आठवेना.

किंमत तिनं बोटांनी दाखवली, साडेतीनशे.
मी तीनशे दाखवले. सवय.
मडकं उलटं करून बूड पाहिलं,
अंगठा फिरवला जिथे कडा वळते तिथे,
जिथे घाई लपवतात तिथे.
ती बघत होती. माझा हात धरून तिनं
तळव्यावरचे घट्टे दाबून पाहिले,
बाजारात कणीस दाबतात तसे.
"तांबं?" ओठ म्हणाले.
मान हलवली. वाटलं, आता सोडेल पन्नास,
कारागीर कारागिराला ओळखतो वगैरे.

"मग तर एक पेसोही कमी नाही,"
ती सावकाश म्हणाली, मला कळावं म्हणून,
"तुम्हाला माहीत आहे."

साडेतीनशे मोजले. तिनं मडक्यात
जुना पेपर कोंबला, वरून दोन फुलंही गेली.
उरलेल्या पैशांत बसचं तिकीट निघालं,
भुईमूग राहिला.

बसमध्ये मडकं मांडीवर.
पात्स्क्वारोपर्यंत शेजारचा माणूस
माझ्या खांद्यावर झोपला, उठवला नाही,
हलायची सोय नव्हती.

घरी एउफेमियानं मडकं दिव्याखाली नेलं.
वाजवलं. कान लावला.
बूड टेकवून चमच्यानं पुन्हा वाजवलं.
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो,
सुरुवातीला घणाचा ठोका चुकला की
वडिलांच्या तोंडाकडे बघायचो तसा.

काहीतरी म्हणाली ती.
पण तोवर चुलीकडे वळली होती,
आणि मी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी झाकण काढलं तर
त्यात घेवडा भिजत होता, रात्रभर फुगलेला,
काठाला येऊन ठेपलेला.